डाव्या डोळ्याखालचा भोवरा

आमच्या भाऊजींच्या घोड्याच्या बापाचं, आजोबाचं आणि पणजोबाचं नाव मला पाठ आहे. माझ्या स्वतःच्या पणजोबांचं नाव कुणी विचारलं तर मला आईला फोन करावा लागतो, आणि केल्यावर तीही "थांब, आठवून सांगते" म्हणून फोन ठेवते. याची मला लाज वाटते. तशी मला पुष्कळ गोष्टींची लाज वाटते. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी जास्त टाकली तर मी जिना चढून आल्यावर पुन्हा उतरतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगमधल्या ऑइलच्या डागाचा विषय निघाला तेव्हा कुणी विचारायच्या आत मीच उभा राहून "बहुधा माझ्या स्कूटरचा असेल" म्हटलं. नंतर कळलं की तो डाग सेक्रेटरींच्या गाडीचा होता. ते आजही माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी माल तपासतो. शुक्रवारी सुट्टी असते. ही नोकरी माझ्या स्वभावाला फार मानवली, कारण तिथे दोष शोधून काढून वर सांगण्याचा मला पगार मिळतो. घरी आणि नातेवाइकांत मात्र तेच काम मी फुकट करतो, आणि तिथे त्याची कदर होत नाही.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोलशेतच्या एका कंपनीत त्यांचा जन्म गेला. ती बंद पडल्यावर ताईला घेऊन ते खडवलीला आपल्या गावच्या घरी राहायला गेले. लोक या वयात गुडघे बदलतात, यांनी घोडा घेतला. तोही साधासुधा नाही. थेट खानदेशातल्या घोडेबाजारातून आणलेला मारवाडी जातीचा नर. अंग गडद तांबडं, आयाळ आणि शेपूट काळी, कपाळावर पांढरा टिळा, कानाची टोकं एकमेकांना भिडलेली. असा खानदानी घोडा दारात ठेवला की लांबलांबचे लोक आपापल्या घोड्या घेऊन येतात आणि भरून, म्हणजे गाभण करून, नेतात, असं भाऊजींनी ऐकलं होतं. येणाऱ्यांना चहा द्यायला लागेल म्हणून त्यांनी अंगणात सिमेंटचा एक बाकसुद्धा बांधून घेतला.

वर्ष होत आलं तरी बाकावर कुणी बसलं नाही.

एवढ्या घराण्याचा घोडा भाऊजींच्या ऐपतीत बसला, याला कारण होतं. त्याच्या डाव्या डोळ्याच्या खाली केसांचा एक भोवरा होता. घोडेवाल्यांत भोवऱ्यांना फार मान. गळ्यावरचा भोवरा देवमण, तो भाग्याचा. तोही आमच्या घोड्याला होता. पण डोळ्याखालचा भोवरा म्हणजे ओघळलेलं आसू. असा घोडा घरात आला की मालकिणीला रडवतो, असं मानतात. ताईचं म्हणणं, भोवऱ्याचा काही संबंध नाही, तिला तो बिनभोवऱ्यानेच रडवतो. खडवलीच्या नदीवर सुट्टीला येणाऱ्यांच्या पोरांना फिरवायला दोन-तीन मरतुकड्या घोड्या असतात. त्यांचा वास आला की हा दावं तोडून धावायचा. एकदा पाठीवर एक गुबगुबीत मुलगा असलेल्या घोडीच्या मागे तो पार पाण्यात शिरला. मुलाला फार मजा वाटली, पण त्याची आई ताईच्या दारात येऊन जे बोलली ते ताई अजून नकलेसकट सांगते.

शेवटी ताईने कल्याणच्या एका वरातवाल्याशी बोलणं केलं. तो घोडा घ्यायला तयार होता, फक्त खच्ची करून हवा होता. नवरदेव पाठीवर असताना घोड्याच्या मनात लग्नाचे विचार यायला नकोत, असं त्याचं म्हणणं. ताईने जनावरांच्या डॉक्टरांनाही विचारून ठेवलं.

"गणपतीपर्यंत एक तरी घोडी आली तर ठीक," ती भाऊजींना म्हणाली. "नाहीतर डॉक्टर येतील."

भाऊजी उठून घोड्याकडे गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचा मला फोन आला.

"मेहुणे, तुझं मराठी चांगलं आहे. घोड्याची जाहिरात लिहून दे. व्हॉट्सअ‍ॅपवर घोडेवाल्यांचे ग्रुप आहेत, तिथे टाकू."

मी नुकताच भाचीच्या लग्नासाठी बायोडेटा लिहिला होता, त्यामुळे हात त्या वळणावर बसलेला. रंग, उंची, घराणं हे झाल्यावर मी 'स्वभाव मनमिळाऊ' असं लिहिलं.

"मनमिळाऊ काढ," भाऊजी म्हणाले. "घोडा आहे, बँकेतला क्लार्क नाही."

"मग काय लिहू?"

"तडफदार लिही."

फोटो मी पुढच्या शुक्रवारी बायकोसोबत जाऊन काढले. सगळे उजव्या बाजूने. डाव्या बाजूला गेलो की भाऊजी खाकरायचे.

"भाऊजी, भोवऱ्याबद्दल एक ओळ टाकू या का?"

"तुझ्या लग्नाच्या वेळी बायोडेटात टक्कल लिहिलेलं?"

"तेव्हा मला केस होते."

"किती होते ते मी बघितलंय."

पण हे त्यांनी माझ्या बायकोसमोर बोलायला नको होतं, कारण तिला खरी गोष्ट ठाऊक आहे. तिला बघायला गेलो होतो तेव्हा पोह्यांची बशी हातात घेऊन मी तिच्या वडिलांना म्हणालो होतो, "मी घोरतो, हं." त्यावरूनच तिने होकार दिला म्हणे. हा माणूस आपल्यापासून काही लपवणार नाही, असं तिला वाटलं. आता ती म्हणते, "लपवणार नाही ते ठीक होतं, पण एवढं सगळं सांगत बसाल असं वाटलं नव्हतं."

भाऊजींकडे खडवलीला फोनला धड रेंज येत नाही, म्हणून जाहिरातीखाली त्यांच्या नंबरासोबत माझाही नंबर टाकला होता. हीच चूक झाली.

भिवंडीकडच्या एका गावातून एका म्हाताऱ्या आगरी शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्याकडे एक उमदी घोडी होती आणि तिला शोभेल असा नर ते शोधत होते. आवाज खणखणीत.

"घोऱ्याचा बाप कंचा?"

मी सांगितलं. आजा सांगितला. पणजा सांगितला.

"गल्याला देवमन हाय कं?"

"आहे."

"बरं हाय."

इथे मी फोन ठेवायला हवा होता. समोरचा खूश होता, भाऊजींच्या बाकावर वर्षभरानंतर कुणीतरी बसणार होतं, डॉक्टरांचं काम रद्द होणार होतं. पण तेवढ्यात पलीकडे ते थोडं थांबले, आणि कुणी थांबलं की मला राहवत नाही.

"आणि डाव्या डोळ्याखाली भोवरा आहे," मी म्हणालो. "आसूचा. चांगला रुपयाएवढा आहे."

"बरं. बगू." फोन बंद.

पुढचे दोन दिवस मी जेवलो, पण चव लागली नाही. आपण खरं बोललो याचं समाधान वाटायला हवं होतं. त्याऐवजी डोळ्यांसमोर डॉक्टर यायचे, हातात पेटी घेऊन. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "घोड्याला विचारलं असतं तर त्याने तुम्हाला खोटं बोलायला लावलं असतं." हे मला आणखी लागलं.

तिसऱ्या दिवशी भाऊजींचा फोन. आवाजात दिवाळी.

"मेहुणे, स्थळ आलं! भिवंडीचे काका. शुक्रवारी येतायत, घोडी माजावर आहे म्हणून टेम्पोत घालून बरोबरच आणतायत. तू ये. शिकलेला माणूस दिसलेला बरा."

मला काही समजेना. मी सांगितलेलं त्यांना ऐकूच गेलं नाही की काय? की विसरले? "भाऊजी," मी सुरुवात केली, "मी त्यांना..." पण रेंज गेली. नंतर पुन्हा फोन करून सांगायची मला हिंमत झाली नाही. हे कबूल करतो.

शुक्रवारी खडवलीला पोचलो तर घोडा नवरदेवासारखा सजलेला. कल्याणच्या बाजारातून आणलेला नवा कातडी मुखपट्टा, आणि त्याच्या डाव्या बाजूला भलामोठा लाल-पिवळ्या लोकरीचा गोंडा, अगदी डोळ्याखाली लोंबणारा. गोंडा ताईने केला होता, नातवाच्या स्वेटरच्या उरलेल्या लोकरीचा.

"ताई, तुला तर घोडा नकोय ना?"

"नकोच आहे. पण दारात पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडून काही कमी नको." तिने गोंडा फुगवला. "आणि तू तोंड बंद ठेव. वेलची सोलायला घे."

काका आले. पांढरा झब्बा, गळ्यात जाड साखळी, हातात काठी. पण काठी टेकायला नाही, दाखवायला. टेम्पोतून घोडी उतरवली तशी आमच्या घोड्याने मान उंच करून अशी साद घातली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. घोडी पांढरीशुभ्र आणि भलतीच मानी. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली.

"फोनवर तुमीच कं?"

"हो."

"हां," एवढंच म्हणून ते घोड्याकडे वळले.

नंतर जे झालं त्याला मी काय म्हणू? काका घोड्याच्या उजव्या अंगाला उभे राहून पाय, खूर, छाती बघत होते. मग डाव्या बाजूला यायला निघाले. भाऊजींनी लगेच लगाम ओढून घोडा वळवला. काका आणखी चालले. घोडा आणखी वळला.

"जरा हिकरनं बगू."

"इकडून ऊन येतं, काका. डोळ्यावर येतं."

"मंग सावलीन घ्या."

सावलीत घेतला. काका पुन्हा डावीकडे. तिकडून ताई चहाचा ट्रे घेऊन आडवी आली. "काका, आधी चहा. गार होतोय."

"ठेवा बाय, पितो."

"गार झाला तर मजा नाही."

काकांनी चहा प्याला, आणि कपबशी घेऊनच डावीकडे चालू लागले. भाऊजी घोडा फिरवताहेत, काका फिरताहेत, ताई खारी घेऊन त्यांच्या मागे, आणि या सगळ्यांच्या मधोमध मी, ज्याला माहीत आहे की काकांना सगळं माहीत आहे. खरं तर तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर ते मजेत होते. मिशीच्या आड हसत होते. एकदा तर त्यांनी मुद्दाम डावीकडे जायचा आव आणला आणि चटकन उजवीकडे गेले. भाऊजी घोड्यासकट चुकीच्या दिशेला वळले. काकांचा ड्रायव्हर टेम्पोच्या आड तोंड लपवून उभा होता.

"गोंडा लय भारी," काका शेवटी म्हणाले.

"हिने केलाय," भाऊजी.

"एकाच अंगाला?"

"फॅशन आहे."

"बरं. आता काढा. गरमीनं उकरतं त्याना."

भाऊजींचा चेहरा उतरला. वर्षभर रोज सकाळी खरारा करताना ते त्या घोड्याशी काय काय बोलायचे ते मी ऐकलं होतं. आता ते गोंड्याची गाठ सोडत होते, आणि इतक्या हळू, की सोडेपर्यंत गणपती येतील आणि जातील असं वाटावं. गोंडा निघाला. काकांनी चष्मा लावला. जवळ गेले. अंगठा भोवऱ्यावर ठेवला. भोवरा अंगठ्याखाली दिसेनासा झाला.

मग ते माझ्याकडे वळले. "काय वो, तुमी तं फोनवर बोललाव रुपयाएवरा हाय! ह्यो तं मटकीच्या दान्याएवरा हाय!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. ताईने माझ्याकडे पाहिलं. ताईच्या हातातली खारी चहात पडली, तो कुणाचा कप होता तेही कुणी पाहिलं नाही.

"मी... अंदाजे सांगितलं," मी म्हणालो.

"कमी सांगनारे लय बगले," काका ड्रायव्हरला म्हणाले. "जास्त सांगनारा ह्यो पैलाच. मी घरी बोललो, असला मानूस बगून तरी येऊ."

ताईने धीर केला. "पण काका, चालेल का तुम्हाला? तो भोवरा मालकिणीला रडवतो म्हणतात."

"आमची मालकीन मना आख्खा जलम रडवतं आलीय," काका म्हणाले. "जरा तिची पाली येऊं दे." मग हसू आवरून घोड्याच्या गळ्यावर हात ठेवत म्हणाले, "अवं बाय, डोला पोरगं आयशीचा घेल. गला बापाचा आला म्हंजे झालं. सोरा घोरी."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ताई हे वाचते. लाथ लागू नये म्हणून मधे वासा आडवा लावला आणि त्यापलीकडे घोडी आणली. तिने आधी दोन लाथा झाडल्या, आणि तिची दोरी धरायला काकांनी मलाच उभं केलं असल्यामुळे मी शेणात बसलो. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. आम्ही गोल फिरण्यात जेवढा वेळ घालवला त्याच्या पाव वेळात सगळं आटोपलं. पुन्हा एकदा भरायची म्हणून काकांनी घोडी दोन दिवसांसाठी खडवलीलाच ठेवली आणि बाकावर बसून पोटभर जेवून गेले.

संध्याकाळी भाऊजींनी मला मोटारसायकलवरून स्टेशनला सोडलं. मी मागे बसून माफीची तीन वाक्यं तयार केली होती, पण हेल्मेटमधून बोलता येईना. स्टेशनच्या बाहेर मी उतरलो. त्यांनी गाडी बंद केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "रुपयाएवढा?"

आणि निघून गेले.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी केला तर ताई उचलायची. तुझं नाव दिसलं की ते घोड्याकडे जातात, म्हणायची. मला माफ करायचं की नाही हे ते बहुतेक त्यालाच विचारत असावेत. गणपती येऊन गेले. डॉक्टरांना ताईने थांबायला सांगितलं होतं. पण घोडी पुन्हा माजावर आली, म्हणजे गाभ राहिलाच नाही, तर मात्र तिचा शब्द कायम होता. "एकीला भेटला आणि उपयोग नाही, असल्या घोड्याला दुसरी कोण आणणार?" ती म्हणायची. ते खरंही होतं. त्या दिवसांत मला भोवऱ्याचं काही वाटेनासं झालं. भाऊजी त्या रिकाम्या बाकावर बसलेत, एवढंच डोळ्यांसमोर यायचं.

मग एका दुपारी मी कामावर असताना काकांचा फोन आला.

"धरली!" ते ओरडले. "डॉक्टरनं मशीन लावून बगली. गाभ हाय! तुमच्या भाऊजींना सांगा, तेंचा फोन लागं नाय."

मी हातातली नळी खाली ठेवली. माझ्या स्वभावाप्रमाणे मी तिथल्या तिथे भाऊजींना, ताईला, बायकोला आणि बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्यालाही सांगून मोकळा झालो असतो. तोंड उघडलंही. पण मग मनात आलं, वर्षभर त्या माणसाने ज्या बातमीची वाट पाहिली, ती त्याला माझ्याकडून कळणार? ज्याने रुपया सांगितला त्याच्याकडून?

"काका," मी म्हणालो, "एक विनंती आहे. तुम्हीच त्यांना लावत राहा. लागेल कधीतरी. आणि मला आधी सांगितलंत हे सांगू नका."

"तुमाना जमल कं?"

"प्रयत्न करतो."

ती दुपार मी कशी काढली ते माझं मलाच ठाऊक. सहकाऱ्याने विचारलं, "काय झालं, आज एवढे खूश?" मी म्हणालो, "काही नाही," आणि घाम पुसला. संध्याकाळी घरी गेलो. बायकोने विचारलं, तिलाही "काही नाही." तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दिवेलागणीला फोन वाजला. भाऊजी. मागे वारा सुटलेला. रेंज मिळावी म्हणून टेकडीवर चढले असणार.

"मेहुणे!" ते धापा टाकत होते. "घोडी भरली! काकांचा आत्ताच फोन आलेला. अजून तुझ्या ताईलासुद्धा सांगितलं नाही, पहिला तुला लावला!"

"हो का!" मी म्हणालो. "अरे वा! काय सांगता!"

जन्मात कधी एवढं सफाईदार खोटं बोललो नव्हतो. भाऊजी बराच वेळ बोलत राहिले. शिंगरू बापासारखं कुमैत होईल की आईसारखं पांढरं, काकांच्या ओळखीतली आणखी एक घोडी येणार आहे, ताईला आता डॉक्टरांना नको म्हणून कळवायला सांगणार आहेत. मी प्रत्येक वाक्याला नव्याने आश्चर्य व्यक्त करत होतो. फोन ठेवला तेव्हा वाटलं, आता मन खाईल. वाट पाहिली. नाही खाल्लं. त्या रात्री मी गाढ झोपलो. घोरलोही, असं बायको म्हणते.

हे सगळं लिहून काढलंय खरं, पण भाऊजी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचत नाहीत. ताई वाचते. तिने सांगितलं तर सांगितलं.